चंदूच्या नावाची म्हैस

शेवटी पारडी समीक्षाच्याच नावाची झाली. हळद तिनेच लावली, दावं तिनेच बांधलं, आणि गाठ सुटली तेव्हा पारडीच्या मागे माळभर तीच धावली.

पण हे अजून झालेलं नाही. झालंच नाही असं धरून चला. समीक्षाच्या नावावर सध्या महाडजवळच्या नाते गावातल्या रेशनकार्डावरची एक ओळ, एक स्कूटी आणि चौदा सूत्रं एवढंच आहे. शेपूट असलेलं काहीही नाही. आणि तिचं दुखणं नेमकं तेच आहे.

सूत्रांचं असं झालं. महाडात एक संस्था आहे, डोंगरमाथा लोकजीवन अभ्यास केंद्र. खाली टायरचं दुकान, वर संस्था. पाच वर्षांपूर्वी या संस्थेने डोंगरावरच्या पशुपालकांवर एक पुस्तिका काढली आणि मुखपृष्ठावर आबाजींचा फोटो छापला. आबाजी पोलादपूरच्या वर, दोन तासांच्या चढावर असलेल्या एका धनगरवाडीचे म्हातारे. त्यांच्या नुसत्या खोकल्यावरून तीन वाड्यांना कळतं की आबाजी आता कुठल्या वळणावर आहेत. अशा माणसाच्या फोटोखाली संस्थेने छापलं होतं, ‘अनामिक वृद्ध’. फोटो छापताना विचारलं नव्हतं आणि छापल्यावर दाखवलाही नव्हता. तो आबाजींना पोलादपूरच्या बाजारात भेटला, सुक्या बोंबलांच्या पुडीवर. त्यांनी बोंबील घरी आणून खाल्ले, कागद घडी करून आढ्याला खोचला आणि कुणाला काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळी संस्थेची माणसं वर गेली तेव्हा अख्खी वाडी गुरं चारायला गेलेली होती. ज्यांच्याकडे गुरं नव्हती तीसुद्धा.

मग संस्थेने ठराव केला की यापुढे समुदायाशी संबंध आदराचे असतील. ठराव एकमताने झाला, कारण बैठकीला समुदायातलं कुणी नव्हतं. आदर करण्याचं काम समीक्षाकडे आलं. ती पुण्याला समाजकार्य शिकलेली होती आणि मनापासून काम करायची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि थोडं त्रासदायकही होतं. ती एकटी वर गेली, आबाजींची माफी मागितली, पुस्तिका नव्याने छापून घेतली आणि फोटोखाली आबाजींचं पूर्ण नाव वाडीसकट घातलं. मग तिने चौदा सूत्रं लिहिली. पहिलं, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. दुसरं, समुदायाच्या बरोबरीने जमिनीवर बसावं. चौथं, समुदायाकडून कुठलीही भेटवस्तू घेऊ नये. सातवं, नोंदी जागच्या जागी घ्याव्यात, नंतर आठवून लिहू नयेत. असं करत करत चौदावं, शंका आल्यास समुदायालाच विचारावं. हे चौदावं तिने शेवटी जागा उरली म्हणून घातलं होतं.

दर पंधरा दिवसांनी ती वर जायची. तीन वर्षांत एक खाडा नाही. आणि दर वेळी तिच्याबरोबर चंदू असायचा.

चंदू संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर. आधी तो वीर स्टेशनवरून महाडपर्यंत रिक्षा चालवायचा. त्याने सूत्रं वाचलेली नव्हती. पण तो ती वापरायचा. चढावर जीप थांबवली की छापील सूत्रांचा गठ्ठा मागच्या चाकाखाली लावायचा, आणि जीप कधीही घसरली नाही, असं सूत्रांच्या बाजूने नोंदवायला हवं.

तर वाडीत कसं व्हायचं बघा. दोघं चढून वर येत. वाडीची चार कुत्री धावत येत. समीक्षावर भुंकत आणि चंदूपुढे लोळत. दोघांवर एकदमच करायचं असेल तर दोन भुंकत, दोन लोळत. मग साळूबाई, म्हणजे आबाजींची बायको, घराबाहेर येई आणि समीक्षाला म्हणे, “या म्याडम.” आणि चंदूला म्हणे, “आलास काय रे.”

मग खुर्ची येई. वाडीत एकच प्लास्टिकची खुर्ची होती, निळी. ती समीक्षासाठी मांडली जाई. सूत्र दोनप्रमाणे समीक्षा खाली घोंगडीवर बसे. मग खुर्ची तिच्या शेजारी रिकामी राही. ती सरकून दुसरीकडे बसली की कुणीतरी उठून खुर्ची तिच्या शेजारी सरकवून ठेवी. तीन वर्षं ती खुर्ची तिच्या मागे मागे फिरत होती. तिला कपबशीत चहा मिळे. चंदूला ताक, सगळ्यांच्या तांब्यातलं, वरून धार. तिच्याशी बोलताना बायका पदर सारखा करत. चंदूशी बोलताना दात कोरत.

आता कुणी म्हणेल, एवढा मान मिळतोय तर बाईला अजून काय पाहिजे. तिला दात कोरलेले पाहिजे होते. तिला कुणीतरी ‘गो’ म्हणायला पाहिजे होतं. ‘काय गो, वाळलीस किती’ एवढं एक वाक्य, त्यासाठी तिने संस्थेचं त्या वर्षीचं उत्कृष्ट कर्मचारी प्रमाणपत्र आनंदाने परत केलं असतं. शाळेत पहिली येणाऱ्या मुलीने मधल्या सुट्टीत एकटीने डबा खाताना मागच्या बाकावरच्या टोळक्याकडे बघावं, तशी ती चंदूकडे बघायची. चंदूला हे माहीत नव्हतं. तो ताक पीत असायचा.

एवढ्यावर निभावलं असतं. पण दिवाळीनंतर एकदा निघताना साळूबाईने चंदूला हाक मारून सांगितलं की त्याची गाभण आहे, सातवा लागला.

समीक्षाने जीपपर्यंत दम धरला. दोन तासांचा उतार. खाली आल्यावर तिने अगदी सहज विचारलं, चंदूचं काय गाभण आहे.

“म्हैस,” चंदू म्हणाला. “चंदी. माझ्या नावाची आहे ना वर.”

मग त्याने गठ्ठा चाकाखालून काढता काढता सगळं सांगितलं. या वाडीची जुनी रीत अशी की बाहेरचं माणूस आपलं मानायचं ठरलं की त्याच्या हातात एका पारडीचं दावं द्यायचं. पारडी म्हणजे म्हशीची लहान लेक. त्याने ती गोठ्यातल्या खुंटाला स्वतः बांधायची. बांधली की हळद लावायची आणि ती त्याच्या नावाची झाली. जनावर वाडीतच राहतं, दूध वाडीचं, शेण वाडीचं. नाव फक्त त्याचं. पण ती आजारी पडली तर त्याने यायचं, हरवली तर त्याने शोधायचं, पहिल्यांदा व्याली तर गूळ आणि नाचणी घेऊन त्याने हजर व्हायचं. ज्याचा खुंट गोठ्यात आहे तो पाहुणा नसतो. त्याला चहा देत नाहीत, खुर्ची देत नाहीत, आणि त्याच्या तोंडावर त्याला वाटेल ते बोलता येतं.

समीक्षाने विचारलं, ही म्हैस त्यालाच का. चंदूने प्रामाणिकपणे विचार केला. पोलादपूर येईपर्यंत करत होता. मग म्हणाला की माहीत नाही, पहिल्याच फेरीत मिळाली.

पहिल्याच फेरीत.

त्या दिवशी नाते गावी घरी गेल्यावर समीक्षाला जेवण गेलं नाही. आईने विचारलं काय झालं. समीक्षा म्हणाली, मला कुणी म्हैस दिली नाही. आई म्हणाली, हल्ली म्हैस कोण देतं, फ्रीज देतात, पण त्यासाठी आधी मुलगा बघायला हो म्हणावं लागतं.

पुढचे दोन महिने समीक्षाने खूप प्रयत्न केले. ती वर गेली की गोठ्याजवळ घुटमळायची. पारड्यांची स्तुती करायची, तीही पारड्यांच्या मालकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एकदा एक दावं जमिनीवर पडलेलं दिसलं तर तिने ते उचलून हातात धरलं आणि कुणी काही म्हणतंय का याची वाट बघत पाऊण तास उभी राहिली. कुणी काही म्हणालं नाही. शेजारच्या पारडीने तेवढ्यात तिच्या पिशवीतली बैठकीची विषयपत्रिका खाल्ली. साळूबाई धावत आली, तिच्या हातातून दावं काढून घेतलं, “म्याडम, तुमी कशाला,” म्हणाली, आणि खुर्ची आणवली.

तिकडे खुर्ची ठेवली गेली आणि इकडे समीक्षाच्या आत काहीतरी कडकन मोडलं.

महाडला येऊन तिने संचालकांना एक टिपण दिलं. विषय, सूत्र क्रमांक चारचा भंग. मजकूर, संस्थेच्या वाहनचालकाने समुदायाकडून एक म्हैस स्वीकारल्याचं निदर्शनास आलं आहे. खाली सही केली नाही, फक्त ‘माहितीस्तव’ असं लिहिलं. लिहून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले. तिसरा खाताना लाज वाटली, पण संपवला.

संचालक फार सरळ माणूस. त्यांनी चंदूकडून लेखी खुलासा मागवला. चंदूने तो टायरवाल्याच्या पेनने लिहून दिला: “मी म्हैस घेतलेली नाही. म्हैस तिथेच आहे. तिने मला घेतलं आहे. कळावे.” संचालकांनी खुलासा तीनदा वाचला आणि तो समाधानकारक वाटूनही फेटाळला, कारण मग फाइल बंद कशी करणार. आदेश निघाला. सदर म्हैस समुदायाला सन्मानपूर्वक परत करावी आणि परत केल्याची पोच आणावी. समन्वयकांनी, म्हणजे समीक्षाने, स्वतः हजर राहावं. ‘सन्मानपूर्वक’खाली दोन रेघा होत्या.

माघ सरता सरता एका सकाळी दोघं म्हैस परत करायला निघाले. जी म्हैस वर होती ती वर परत करायला. चंदूच्या पाठीवर पिशवी होती, तीत पाच किलो नाचणी आणि गुळाची ढेप. चंदीचे दिवस भरत आले होते. परत द्यायची तर रिकाम्या हाताने कशी द्यायची, असं तो म्हणाला. अर्ध्या चढावर तो दम खायला थांबला आणि तेव्हा एकदाच त्याने तो विषय काढला. कुणाच्या पोटात दुखलं असेल, एवढंच विचारलं. समीक्षा म्हणाली की चढ फार आहे.

वाडीत पोचल्यावर कुत्र्यांनी आपापली कामं केली. बैठक बसली. खुर्ची आली. समीक्षाने आदेश वाचून दाखवला.

अडचण अशी होती की नावाचं जनावर आजवर कुणी परत केलंच नव्हतं, त्यामुळे परत कसं करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हैस गोठ्यात होती. ती बाहेर काढून पुन्हा आत बांधली तर परत केल्यासारखं होईल काय, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, मग ती रोजच परत होते, सकाळी आणि सांजच्याला. आबाजी बराच वेळ खोकले. मग त्यांनी आठवून सांगितलं की खुंट काढण्याची एकच रीत आहे. माणूस मेलं की त्याचा खुंट उपटतात.

“पन चंदू तर जिता हाय,” कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी चंदूकडे बघितलं. तो जिता होता. यावर विचारविनिमय झाला. शेवटी असं ठरलं की संस्थेची अडचण समजून घेऊन चंदूला दुपारपर्यंत मेलेला धरावं, खुंट उपटावा, पोच द्यावी आणि मग त्याने जेवून जावं. चंदूची हरकत नव्हती. त्याला घोंगडीवर आडवं केलं. डोळे उघडे ठेवले तर चालेल का, असं त्याने विचारलं. आबाजींनी सांगितलं की ठेव, पण बोलू नको. चारी कुत्री येऊन त्याच्या चारी बाजूंना बसली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं दुःख तिथे कुणालाच झालेलं दिसत नव्हतं.

समीक्षा हे सगळं बघत होती. एखाद्या माणसाच्या खोट्या मरणाचासुद्धा हेवा वाटू शकतो हे तिला त्या दिवशी कळलं. तिने मनात हिशोब केला. आपल्याला असं आडवं केलं तर उशाशी कोण बसेल. खुर्ची.

मग आबाजी म्हणाले की खुंट मेलेल्याच्या जवळच्या माणसाने उपटायचा असतो. आणि सगळे समीक्षाकडे बघायला लागले.

तिला वाटलं, संस्थेची म्हणून आपल्याला सांगतायत. पण साळूबाईने वेगळंच सांगितलं. ती म्हणाली की म्हैस मुळात म्याडमचीच, म्याडमनी दिली म्हणून चंदूची झाली, तर खुंट म्याडमनीच काढायला हवा.

समीक्षाने दोनदा विचारलं, काय म्हणालात. मग साळूबाईने नीट सांगितलं. तीन वर्षांपूर्वी म्याडम पहिल्यांदा चंदूला घेऊन आल्या, नवी पुस्तिका घेऊन, आबाजींचं नाव लिहिलेली. वाडीत आजवर खूप लोक आले होते, फोटो नेणारे होते, माहिती नेणारे होते, पण चूक नीट करून परत आणून देणारं माणूस पहिलंच. त्याच दिवशी साळूबाईने एका पारडीचं दावं आणून म्याडमच्या हातात दिलं होतं. म्याडमनी दोन मिनिटं धरलं. मग शेजारी पुस्तिकांचं खोकं घेऊन उभ्या असलेल्या चंदूला म्हणाल्या, चंदू, जरा धर. चंदूने धरलं. पारडी ओढायला लागली तशी त्याने ती जवळच्या खुंटाला बांधली. झालं. हळद आणली होती ती मग त्याच्याच पारडीला लावली.

“आपल्याला दिल्याला मान उचलून डायवरला दिला,” साळूबाई म्हणाली. “येवढं मन आमच्यात बी कुनाचं नाय. तीन वाड्यांत सांगते मी.”

समीक्षाने पिशवीतून जुनी वही काढली. ती वह्या बरोबरच बाळगायची आणि सगळं जागच्या जागी लिहायची, सूत्र सात. त्या दिवशीचं पान निघालं. तिच्याच नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘एक पारडी दाखवली. नोंद घ्यायची असल्याने चंदूकडे दिली. त्यानंतर समुदायाने वाहनचालकाला हळद लावलेली पारडी दाखवली. कारण अस्पष्ट.’

कारण अस्पष्ट. आणि चौदावं सूत्र तेव्हाही चौदावंच होतं.

म्हणजे तीन महिने ती ज्या म्हशीवर जळत होती ती तिचीच होती. आणि तीन वर्षं वाडी तिला ज्या मोठ्या मनासाठी खुर्ची देत होती ते मन तिच्याकडे कधी नव्हतंच. आता नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. खुंट उपटायचा, पोच घ्यायची, मोठ्या मनाची म्हणून डोंगर उतरायचा. तीन वाड्यांत नाव झालंच होतं.

ती उठली, गोठ्यात गेली, खुंटाला हात घातला. चंदीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. म्हशीच्या नजरेत तक्रार नव्हती. म्हशीच्या नजरेत काहीच नव्हतं. तेच समीक्षाला सहन झालं नाही.

ती तशीच परत आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “तक्रार मी केली. सायबांकडे मीच लिहून दिलं. मला चंदूची म्हैस बघवत नव्हती. आणि ते दावं मी मोठ्या मनाने दिलं नाही, मला लिहायला हात मोकळा पाहिजे होता. मला ठाऊक असतं तर मी ते मरेपर्यंत सोडलं नसतं.”

मेलेला चंदू उठून बसला. “म्याडम, तुमी?”

“तू पड,” आबाजी म्हणाले. “तू मेलायस.”

चंदू पुन्हा आडवा झाला, पण मान तिच्याकडे ठेवून. साळूबाईने पदर सारखा करायला हात उचलला होता, तो तिने तसाच खाली घेतला. मग काडी उचलली आणि दात कोरायला लागली.

“म्हंजे जळलीस,” ती म्हणाली.

“जळले.”

“किती दिस?”

“म्हशीवर तीनेक महिने. बाकीच्यावर तीन वर्षं.”

“बाकीचं काय?”

समीक्षाने सांगितलं. ताक, कुत्री, ‘आलास काय रे’. खुर्चीचं सांगताना तिने ती खुर्ची पायाने दूर सारली. साळूबाईने ऐकून घेतलं आणि शेजारी बसलेल्या काशीबाईकडे, आपल्या जावेकडे, बोट दाखवलं.

“ही माझ्यावर तीस वर्सं जळते. माझ्या म्हशीला दूध जास्ती म्हनून.”

“आजपन जळते,” काशीबाई म्हणाली.

“आनि रोज माझ्या चुलीवरची भाकर खाते. परकं मानूस जळत नाय गो. परकं मानूस आभार मानून जातंय. तू तीन वर्सं आभारच मानत व्हतीस, मंग आमी खुर्ची नाय तर काय देनार?”

समीक्षाला ते ‘गो’ ऐकू आलं. पण त्याच वेळी रडू आलं, आणि दोन्ही गोष्टींची नोंद एकदम घेता येईना.

आबाजींनी निकाल दिला. खुंट राहील. चंदूला उठवावं. म्याडमनी केली ती चहाडी, आणि चहाडीची शिक्षा म्हणून त्यांनी आज चंदूच्या म्हशीचं शेण काढावं. ही शिक्षा समीक्षाने इतक्या आनंदाने भोगली की काशीबाईला तिचा संशय आला. चंदूने मात्र जिवंत झाल्यावर तिच्याशी तासभर अबोला धरला. मग शेणाची पाटी ती चुकीच्या बाजूने उचलतेय हे त्याला बघवलं नाही आणि तो बोलला. ‘म्याडम’ म्हणाला नाही. म्हणाला, “अगं, अशी नाय.”

आता पोच. संस्थेला कागद हवा होता. आबाजींना लिहिता येत होतं, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी समीक्षाच्या वहीतलं पान घेऊन सावकाश लिहिलं: ‘म्हैस परत मिळाली. ती पुन्हा चंदूस दिली. दोन्ही वेळा सन्मानपूर्वक.’ खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, वाडीचं लिहिलं, आणि कंसात लिहिलं, ‘अनामिक नाही’.

आठ दिवसांनी चंदी व्याली. पारडीच झाली. बाराव्या दिवशी समीक्षाला वर बोलावणं आलं. ती धापा टाकत चढली. साळूबाईने दावं तिच्या हातात दिलं.

“धर गो. आता कुनाच्या हातात दिलंस तर बग.”

तिने वही आणलीच नव्हती. तिने स्वतः खुंटाला गाठ मारली. पुण्याला समाजकार्यात गाठ शिकवत नाहीत. हळद लावेपर्यंत गाठ सुटली आणि पारडी माळावर पळाली. चंदू धावायला निघाला तर वाडीने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. जिच्या नावाची तिने आणायची. समीक्षा अर्धा तास धावली. शेवटी पारडी आपणहून परत आली आणि थेट चंदूपुढे जाऊन उभी राहिली. त्याने तिचं कपाळ खाजवलं. तिने डोळे मिटले.

समीक्षा लांबून, कमरेवर हात ठेवून, ते बघत उभी होती.

पारडीचं नाव वाडीने ‘म्याडम’ ठेवलं. ते नाव आता रिकामंच होतं. निळ्या खुर्चीवर मिरच्या वाळत घातल्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या आवक नोंदवहीत पुढील अर्ज दाखल झाला. तो अजून टेबलावर आहे.

प्रति,
मा. संचालक,
डोंगरमाथा लोकजीवन अभ्यास केंद्र, महाड.

विषय: संगोपन रजा मिळणेबाबत व अनुषंगिक बाबी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, मौजे धनगरवाडी येथील ‘म्याडम’ नावाची पारडी (वय बारा दिवस) ही रीतसर माझ्या नावाची झालेली आहे. सूत्र क्रमांक चार मी माझ्यापुरते मागे घेत असून सूत्र क्रमांक चौदा यापुढे क्रमांक एकवर वाचावे. सदर पारडी अद्याप माझ्या हाताला लागलेली नाही. ती लागेपर्यंत, म्हणजे अंदाजे एकवीस दिवस, मला भरपगारी संगोपन रजा मिळावी व माझ्या सेवापुस्तकातील अवलंबितांच्या रकान्यात तिची नोंद व्हावी.

तसेच या निमित्ताने निदर्शनास आणू इच्छिते की, सदर पारडी श्री. चंदू, वाहनचालक, यांच्याकडे विनाकारण आकर्षित होत असून वाडीतील चारही कुत्री आजमितीस माझ्यावरच भुंकतात व श्री. चंदू यांच्यापुढे लोळतात. ही बाब आदरपूर्वक संबंधांच्या धोरणाशी सुसंगत नाही. तरी संस्थेने सदर चारही कुत्र्यांना आपल्या स्तरावरून लेखी कळवून, यापुढे किमान दोघांनी माझ्यापुढे लोळावे असे निर्देश द्यावेत, व निर्देश मिळाल्याची त्यांची स्वतंत्र पोच घेऊन माझ्या माहितीस्तव पाठवावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
समीक्षा